तीन तारखेची सुई

धावडा, ता. भोकरदन
५ जानेवारी २०२५

चि. आकांक्षा,

दिवाळीला आलीस तवा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन गेलीस. परवा रामकिसनच्या हाती डबा परत आला, झाकण न्हाई. त्याच्या आधीच्या खेपेला एक झाकण आलं होतं, ते दुसऱ्याच डब्याचं. म्हणजे आता माझ्याकडं एक उघडा डबा हाय आणि एक अनाथ झाकण. बियाण्यांच्या कंपनीत तुला दाणे मोजायला ठेवलंय म्हणे. मला त्या कंपनीची काळजी वाटून राह्यली.

आणि डबा आला तो रिकामा, बिलकुल कोरडा. रिकामा डबा परत करत न्हाईत, चिमूटभर साखर तरी टाकतात, हे तुझ्या आईनं तुला शिकवलं न्हाई का, म्हणून आत्ताच विचारलं. ती समोर बसून हेच पत्र लिहून राह्यली. म्हणते, शिकवलं होतं. मंग तूच विसरलीस.

फोनवर बोल म्हणू नको. तू बोललेलं मला ऐकू येत न्हाई आणि मी बोललेलं गल्लीला ऐकू येतं. हे बरं हाय. मी बोलते, वंदना लिहिते, रामकिसन मिरचीच्या पोत्यांवर ठेवून जालन्याला नेतो. मला अक्षराची ओळख न्हाई, त्यामुळं ती काय लिहिते ते देवाला आणि तिलाच ठाऊक. चाळीस वर्षं झाली तिला सून म्हणून येऊन, अजून तरी फसवलं न्हाई. वंदना म्हणते, पत्रात असं लिहीत नसतात. मी म्हणते, मी बोलते तसं लिही.

आता मुद्द्याचं. तीन महिने भरले की सगळं सांगते म्हणाली होतीस. ते भरले. लग्नाला नऊ वर्षं झाली, मागचं एक तिसऱ्या महिन्यातच गेलं, म्हणून मी तोंड शिवून बसले होते. पण अडतिसाव्या वर्षी पोटुशी राहून तू गप्प बसणार आणि मी ऐंशीला टेकलेली म्हातारी वाट बघत बसणार, हे बराबर न्हाई. डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते बिनचूक कळव. झाकणासोबत.

तुझी आजी,
तुळजाबाई


नवीन जालना
९ जानेवारी

ती. आजीस सा. न.

झाकण सापडलं. कल्याण त्यात मोटारसायकलचे नट ठेवत होता. घासून पाठवीन.

आता पुढचं आई तुला वाचून दाखवेल. आई, सावकाश वाच, पण मध्ये थांबू नकोस. तू थांबलीस की आजी अंदाज बांधायला लागते.

बाराव्या आठवड्यात माझं रक्त तपासलं आणि सोनोग्राफी केली. रिपोर्टवर लाल अक्षरात आलं आहे: धोका जास्त, पस्तिसात एक. म्हणजे माझ्यासारखा रिपोर्ट आलेल्या पस्तीस बायका रांगेत उभ्या केल्या तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. आजी, आपल्या गावातला कचरू आठव, पाण्याचे जार पोचवतो तो. त्याला जे आहे ते. चौतीस जणींचं बाळ ठीक असेल. मी कितवी, ते त्या रिपोर्टला माहीत नाही. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागची जागाही जरा जाड दिसली आहे.

पक्कं उत्तर हवं असेल तर पोटातून लांब सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढतात आणि ते तपासतात. त्याला गर्भजल तपासणी म्हणतात. संभाजीनगरला करावी लागेल. तीन फेब्रुवारीची तारीख धरून ठेवली आहे, पण तीस जानेवारीपर्यंत हो की नाही ते मी सांगायचं आहे. रिपोर्टला वीस दिवस. आणि त्या सुईमुळे तीनशेत एखादीचं मूल जातं. चांगलं असलेलंही जातं.

पस्तिसात एक आणि तीनशेत एक. लहान मुलालाही कळेल कोणता धोका मोठा. पण मी लॅबमध्ये रोज काय करते ते तुला माहीत आहे. लॉटमधून चारशे दाणे काढते, ओल्या कागदात गुंडाळते, आठ दिवसांनी उलगडून किती उगवले ते बघते. बाकीचं बी शेतात जातं. ते चारशे दाणे कुठंच जात नाहीत. तपासले, संपले. बारा वर्षांत त्याचं कधी काही वाटलं नाही. आता वाटतं. माझ्याकडं चारशे नाहीत.

कल्याण म्हणतो, शरीर तुझं, तू ठरव. ऐकायला चांगलं वाटतं. पण तेवढं बोलून तो दाढी करायला निघून जातो.

एक गोष्ट विचारायची आहे, ती नीट आठवून सांगा. डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही, पण क्वचित येतं. आपल्या घरात, आईला, तुला, कुणाला असं मूल झालं होतं का? किंवा पोटातच दोष निघाला म्हणून काढावं लागलं होतं का? माझ्या फॉर्मवर तेवढी एक ओळ रिकामी आहे.

तुझी,
आकांक्षा


धावडा
१३ जानेवारी, भोगी

चि. आकांक्षा,

अक्षर बदललं म्हणून दचकू नको, मी मेले न्हाई. आपली आशाताई नंदाबाई लिहून राह्यली. ती गोळ्या द्यायला आल्ती, मी तिला भोगीची भाजी आणि तिळाची भाकरी वाढली आणि कामाला लावली.

तुझं पत्र वंदनानं वाचलं. डॉक्टरीणबाईचा सवाल आला तिथं थांबली. मी म्हणाले, पोरीनं थांबू नको लिहिलंय ना. मंग पुढचं वाचलं, पत्राची घडी घातली, आणि गोठ्यात जी गेली ती अंधार पडायला आली. तिला लिहायला बसवावं तर म्हणते, हात दुखतो. दुखत असंल. थंडी हाय.

माझं ऐक. ती सुई लावून घेऊ नको. मीसुद्धा पेरणीच्या आधी गोणपाटाच्या तुकड्यात दाणे बांधून उगवण बघायची, तुझ्या कंपनीच्या कितीतरी आधीपासून. पण बी तपासतात ते पेरायचं का न्हाई हे ठरवायला. तुझं पेरून झालं, उगवून बोटभर वर आलं. आता मुळाशी उकरून काय बघायचं?

कचरूचं म्हणशील, तर आख्ख्या गावात मला म्हातारे न म्हणता आजी म्हणणारा तो एकटा. जार उतरवला की रोज विचारतो, जेवलीस का. माझ्या पोटच्यानं हे कधी विचारलं न्हाई.

आणि एक खरं सांग. ती सुई कशाची असते ते मला ठाऊक हाय. पाणी काढतात आणि मंग बाहेर येऊन हळूच सांगतात. कल्याणच्या घरच्यांना मुलगी नको हाय का? तसं असंल तर आष्टीला तुझ्या सासूकडं मी स्वतः येते. मोटारीत उलट्या होतात, तरी येते.

डॉक्टरीणबाईला छातीठोक सांग, आमच्या घरात असलं काही न्हाई. कधी नव्हतं. ती ओळ भरून टाक.

तिळाच्या वड्या पाठवल्यात. तीळ घे आणि गोड बोल. मी काय म्हणते ते कडू लागलं तरी.

तुझी आजी

ताई, आजी हे लिहू नको म्हणतात तरी मी खाली लिहिते. वंदनावहिनी तीन दिवसांपासून नुसत्या चहावर आहेत. त्यांना एक फोन करा. नंदाबाई


नवीन जालना
१७ जानेवारी

आजी,

आधी हे. कल्याणच्या घरच्यांना मुलगी नको का, असं तू मला पत्रात विचारलंस आणि तेही नंदाताईंच्या हातानं लिहून. आता दवाखान्यांत भिंतीभिंतीवर पाटी असते. मुलगा की मुलगी हे विचारणाराही तुरुंगात जातो आणि सांगणाराही. मी माझं बाळ ठीक आहे का ते विचारते आहे. ते दुसरं मला स्वप्नातही सुचलं नव्हतं. तुला कसं सुचलं?

आता दुसरं. मी आईला सहा वेळा फोन केला, तिनं उचलला नाही. मंगळवारी दुपारी तिचाच आला. ती म्हणाली, "तू दीड वर्षाची असताना मला दुसरं राहिलं होतं. त्याच्यात खोट निघाली म्हणून काढलं. ती माझ्यातलीच आहे, माझ्याकडून तुझ्यात आली." मी तोंड उघडायच्या आत तिनं फोन ठेवला.

मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, असं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाचे कागद आणा, काय दोष होता ते बघू. तुमचं आणि तुमच्या आईचंही रक्त तपासावं लागेल.

आजी, आईचा फोन येईपर्यंत मी जवळजवळ ठरवलं होतं, सुई नको. पस्तिसातल्या चौतीस जणींत आपण असू, असं रोज सकाळी म्हणत होते आणि ते पुरत होतं. आता पुरत नाही. लॅबमध्ये एखाद्या लॉटमध्ये भेसळ सापडली की आम्ही त्या शेतातलं सगळंच बी अडवून ठेवतो, त्यावर शिक्का मारतो. मला वाटतं तो शिक्का माझ्यावर आहे, आईवर आहे. काल कामावर असताना मी दाण्यांचा एक रोल उलगडला आणि मोजायचं सोडून नुसती बघत उभी राहिले.

तू म्हणतेस, घरात काही नव्हतं, कधी नव्हतं. आई म्हणते, होतं. तुम्ही दोघी चाळीस वर्षं एका चुलीवर जेवता. तेव्हाचं तुला आठवत नाही, असं होणार नाही. दिवाळीतल्या डब्याचं झाकण आठवणारी बाई तू.

मला कागद हवेत. कागद नसतील तर खरं काय ते हवं. तीस तारखेच्या आत. आणि उत्तर आईच्याच हातानं लिहून घे. दुसऱ्या कुणाचं अक्षर दिसलं तर मी पत्र उघडणार नाही.

आकांक्षा


धावडा
२२ जानेवारी

चि. आकांक्षा,

वंदनानंच लिहायचं अशी अट घातलीस. हुशार हायस. चार दिवस मी टाळलं. डोळे दुखतात म्हणाले, तर वंदना म्हणाली, लिहायचं मला आहे. आज सांगायला काही कारण उरलं न्हाई. दार लावून घेतलंय. मी खाटेवर, ती खाली पाटावर.

वंदना, मी बोलीन तसं लिही. माझ्यासाठी चांगलं करून लिहू नको.

तुझ्या आईनं फोनवर जे सांगितलं ते तिच्या परीनं सगळं खरं हाय. त्यातली एक गोष्ट तेवढी खोटी हाय, आणि ती तिला माहीत न्हाई.

तू दीड वर्षाची होतीस. तिला दुसऱ्यांदा राहिलं, चौथा महिना सरत आल्ता. त्या साली आसपासच्या दोन-तीन घरांनी औरंगाबादला जाऊन सुनांचं पाणी काढून आणलं होतं. पाणी काढलं की मुलगा का मुलगी कळतं, असं बाया विहिरीवर बोलायच्या. तुझ्या आज्यानं, तातेरावानं ठरवलं असं लिहिलं तर मला सोपं पडंल. तो मेलाय, हरकत घ्यायला येणार न्हाई. पण मोटारीत वंदनाच्या शेजारी मी बसले होते. बाळ कमजोर वाटतं, मोठ्या डॉक्टरला दाखवू, असं तिला मी सांगितलं होतं. तुझा बाप राधेश्याम तवा साखर कारखान्यावर राहायचा. त्याला आम्ही विचारलंच न्हाई.

सुई लावली. पुढं काही दिवसांनी परत बोलावलं. डॉक्टरनं तुझ्या आज्याला आत घेतलं. तो बाहेर आला आणि व्हरांड्यात मला म्हणाला, "पुन्हा तेच." एवढंच.

खरं कळलं असतं तर वंदनानं काढू दिलं नसतं. ती तवा वीस वर्षांची होती पण हट्टी होती, तुझ्यासारखी. म्हणून मी म्हणाले, तिला मी सांगते. ती बाकड्यावर बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. मी जवळ गेले आणि म्हणाले, पोरी, बाळात खोट हाय, डॉक्टर म्हणतात ठेवता येत न्हाई.

ते वाक्य माझं. डॉक्टरचं न्हाई, तुझ्या आज्याचं न्हाई. बाळात खोट नव्हती. धडधाकट मुलगी होती. धडधाकट मुलगी होती.

वंदना थांबली. मी म्हणाले, थांबलीस तेही लिही. ती उठून आत गेली. मी भिंतीकडं बघत बसले. लय वेळानं आली ती चहा घेऊन. एक कप माझ्यापुढं ठेवला, एक स्वतःपुढं. आता परत लिहून राह्यली. काय लिहिते ते मला कळत न्हाई, पण पेनचा आवाज येऊन राह्यला.

कागद न्हाईत. जो होता तो तुझ्या आज्यानं मोटार स्टँडवरच फाडला. तिसऱ्या दिवशी मी वंदनाला कापूस वेचायला पाठवलं. घरात बसवली असती तर गावानं विचारलं असतं. अशा बाईला खुराक लागतो. मी एक डिंकाचा लाडू वळला न्हाई, वास शेजारी गेला असता म्हणून. त्यानंतर तिला दुसरं मूल झालंच न्हाई. ज्याच्यासाठी केलं तो कधी आला न्हाई. तुझा बाप खोटं ऐकूनच गेला.

तुझं पत्र आलं तवा मी सुई नको म्हणाले. ते बाळाच्या काळजीनं म्हणाले असं तुला वाटलं असंल. मला भीती माझी होती. डॉक्टरीण विचारील, वंदना सांगंल, आणि माझं वाक्य उघडं पडंल. मुलगी नको का विचारलं ते मात्र खरंच विचारलं. मला ती सुई एकाच कामाची माहीत होती.

तुझ्या फॉर्मवर लिही, घरात खोट न्हाई. जी होती ती माझ्यात होती, आणि ती रक्तातून जात नसावी.

आजी

आकांक्षा, आता पुढचं माझं आहे. आत्याबाई विचारतात, अजून काय लिहितेस. मी म्हणाले, पत्ता.

त्यांनी सांगितलं ते शब्दाला शब्द उतरवलं आहे. धडधाकट मुलगी होती, हे त्या एकदाच म्हणाल्या. दुसऱ्यांदा मी लिहिलं.

तू लहान असताना तुला साधा ताप आला तरी मला वाटायचं, माझ्यातलं नासकं बाहेर आलं. तुझं पहिलं गेलं तेव्हा मी तुझ्याकडं आले नाही, आठवतं का? तुला वाटलं मला सवड नव्हती. मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

मी त्यांना माफ केलं असं समजू नकोस. चहात साखर घातली, कारण बिनसाखरेचा त्यांना जात नाही. त्यापलीकडं अजून काही नाही.

तपासणी कर म्हणणार नाही, नको म्हणणार नाही. मला बाकड्यावर बसवून नुसतं सांगितलं होतं. तुला विचारलं जातंय. विचारलेल्याचं उत्तर घाबरून देऊ नकोस. मी तीस तारखेच्या आधी येते. नको म्हणालीस तरी येते.

आई


नवीन जालना
५ फेब्रुवारी

आजी,

नमस्कार लिहिला नाही. हात वळला नाही. हे पत्र आता नंदाताई वाचत असतील, कारण आई इथं आहे.

तीस तारखेला आम्ही डॉक्टरांना सगळं सांगितलं. आईनंच सांगितलं, नाव न घेता, "घरच्यांनी" म्हणून. डॉक्टरांनी माझ्या फॉर्मवर घराण्याच्या ओळीभोवती केलेला गोल खोडला आणि म्हणाल्या, आईचं रक्त तपासायची गरज नाही, तुमचा धोका आधी होता तोच, पस्तिसात एक, आता सांगा. मी पाच मिनिटं मागितली. बाहेर बाकडं होतं, पण आई त्यावर बसेना. आम्ही रस्त्यावर मोसंबीच्या गाड्यापाशी जाऊन उभ्या राहिलो.

तिथं माझ्या लक्षात आलं, आधी मी नको ठरवलं होतं ते भीतीनं. आईच्या फोननंतर हो ठरवलं तेही भीतीनंच. आता शिक्का गेला होता आणि पस्तिसात एक तेवढं समोर होतं. मी आईला विचारलं, तुला खरं कळलं असतं तर? ती म्हणाली, "दुखलं असतं. पण माझं मलाच दुखलं असतं." मी हातातला मोसंबीचा रस पूर्ण संपवला आणि आत जाऊन हो म्हणाले.

सुईची भीती गेली म्हणून नाही. माझ्या बाळाबद्दल जे खरं आहे ते कुणीतरी मला सांगू शकतं, आणि ते ऐकायचं नाही असं मी स्वतःच ठरवलं, तर मग मी माझ्याशी तेच केलं जे तू आईशी केलंस.

रिपोर्टमध्ये दोष निघाला तर काय करायचं, ते आम्ही ठरवलेलं नाही. कचरू तुला रोज जेवलीस का विचारतो, हे खरं. त्याची आई सत्तरीतही त्याच्या पायजम्याची नाडी बांधते आणि आपल्या मागं कोण बांधेल म्हणून रडते, हेही मी पाहिलं आहे. दोन्ही समोर ठेवून कल्याण आणि मी बोलतो आहोत. तो आता दाढी करायला उठून जात नाही.

परवा, तीन तारखेला, संभाजीनगरला संमतीचा कागद समोर आला. मराठीत होता. आईनं चष्मा लावून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला, सिस्टर घड्याळाकडं बघत होत्या तरी. बाळ मुलगा की मुलगी हे सांगितलं जाणार नाही, ही ओळ आली तेव्हा ती थांबली आणि डॉक्टरांना म्हणाली, "हे मला एकदा तोंडानं सांगा." त्यांनी सांगितलं. मग मी सही केली.

दुखलं. थोडं नाही, चांगलंच. पडद्यावर बाळानं हात कपाळाशी नेला, उन्हात उभी राहून तू वाट बघताना नेतेस तसा. सुई त्याच्यापासून लांब होती. कल्याण माझ्या चपला हातात धरून दाराशी उभा होता. खाली ठेवायचं त्याला सुचलंच नाही. पाणी निघालं ते गव्हाच्या काडीच्या रंगाचं. दोन दिवस मी हलायला घाबरत होते. आज डॉक्टरांनी ठोके ऐकवले, बरोबर आहेत. रिपोर्ट चोवीस तारखेच्या आसपास.

आई परत कधी येणार ते ती सांगत नाही. मीही विचारत नाही.

सोबत झाकण पाठवते. त्याच डब्याचं आहे, लावून बघ.

आकांक्षा


धावडा
९ फेब्रुवारी

चि. आकांक्षा,

झाकण बसलं. एवढी एक गोष्ट या घरात सध्या जागेवर हाय.

तुझं पत्र वाचायला नंदाबाईला बसवलं तवा म्हणाले, थांब, यात काय असंल ते मीच आधी सांगते, दुसऱ्याच्या पत्रातून कळण्यापेक्षा. सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, पत्र वाचलं, आणि दोन दिवस फिरकली न्हाई. काल बीपी मोजायला आली. फार वाढलंय म्हणाली. आज लिहून राह्यली. गावाला कळलं तर कळू दे. सदतीस वर्षं मी गावालाच घाबरले.

भाकरी मी करते आता. एक बाजू करपते, दुसरी कच्ची राहते, मी मधली खाते. कचरू रोज विचारतो, वंदनाकाकू कुठं गेली. मी म्हणते, तिच्या लेकीकडं. तो म्हणतो, कधी येणार. मला त्याला खोटं सांगता आलं असतं. मी म्हणाले, मला ठाऊक न्हाई.

तू सुई लावून घेतलीस ते चांगलं का वाईट, हे मी बोलणार न्हाई. रिपोर्ट आला की मला कळवायची जल्दी करू नको. आधी तू वाच, मंग तुम्ही दोघं बसा. ठेवलंत तर ते कसंबी असो, माझी मांडी हाय, अजून तेवढी शाबूत हाय. न्हाई ठेवलंत तर मी का म्हणून विचारणार न्हाई. हा सवाल माझ्या तोंडी शोभणारा न्हाई. तुझ्या नमस्काराचंबी तसंच. हात वळंल तवा वळंल.

रामकिसनजवळ डबा दिलाय, झाकणासकट. त्यात डिंकाचे लाडू हायत. ते तुझे न्हाईत, हात लावू नको. वंदनाचे हायत. सदतीस वर्षं उशीर झालाय, त्यामुळं कडक झाले असतील. तिला म्हणावं, फोडून खा.

तिला खायचे नसतील तर डबा हाय तसा माघारी पाठव, मी मोजणार न्हाई. खाल्ले तर डबा धू, उन्हात कोरडा कर, आणि हेच झाकण लाव, नटबोल्टाचं न्हाई. आत शेव न्हाई, मोसंबी न्हाई, मिठाईच्या दुकानातलं काही न्हाई. रिपोर्ट चांगला आला म्हणून पेढे पाठवू नको, वाईट आला म्हणून रिकामा पाठवू नको. चिमूटभर साखर पाठव. ती तू टाकू नको. वंदनाला टाकू दे.